प्रमाणके कोणाची?

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला माझा विषय मानसशास्त्र होता आणि त्यात ‘मानसशास्त्रीय चाचण्या’ हा एक पेपर होता. वर्गातल्या पुष्कळांना या पेपरची धास्ती वाटे, कारण त्यात संख्याशास्त्र होते. माझी धास्ती वेगळी होती. ‘यांना डोकेच नसते’ हे वाक्य आमच्या वस्तीतल्या मुलांबद्दल मी लहानपणापासून ऐकत आले होते. तेच वाक्य आता शास्त्राच्या तोंडून, आकड्यांच्या भाषेत ऐकावे लागणार, असे माझ्या मनाने घेतले होते. प्रत्यक्षात घडले ते निराळे. कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

आमची प्रात्यक्षिके जोडीने चालत. एकाने प्रयोगकर्ता व्हायचे, दुसऱ्याने प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर चाचणी करावयाची तो. एके दिवशी मी प्रयुक्त होते. मैत्रिणीने प्रश्न वाचला, ‘रस्त्यात कोणाचे पैशाचे पाकीट पडलेले दिसले तर तुम्ही काय कराल?’ मी लगेच म्हणाले, ‘हात लावणार नाही. तिथून निघून जाईन.’ तिने हस्तपुस्तिका पाहिली. पाकीट पोलिसांकडे देणे, मालकाचा शोध घेणे, या उत्तरांना गुण होते. माझ्या उत्तराला शून्य.

माझी आई चार घरची धुणीभांडी करायची. ती आम्हां भावंडांना नेहमी बजावायची, ‘सापडलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. आळ आपल्यावरच येतो.’ ज्यांच्या शब्दावर पोलीस विश्वास ठेवतात त्यांनी पाकीट चौकीवर न्यावे. आमच्या माणसाने नेले तर पहिला प्रश्न येतो, ‘यात आणखी किती होते?’ माझे उत्तर अडाणीपणाचे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने विकत घेतलेले ते शहाणपण होते. हे सारे मी माझ्या अंतर्निरीक्षण अहवालात लिहिले. प्राध्यापकांनी ते खोडले नाही. खाली तांबड्या शाईने लिहिले, ‘हा सप्रमाणतेचा प्रश्न आहे. अभ्यास करा.’ त्या एका शेऱ्याने मला हा पेपर वाचायला लावला.

या शास्त्राची इमारत तीन शब्दांवर उभी आहे. पहिला शब्द विश्वसनीयता. तीच चाचणी त्याच माणसाला काही दिवसांनी पुन्हा दिली तर गुण साधारण तेवढेच यावेत. दुसरा शब्द सप्रमाणता. चाचणी जे मोजते असा तिचा दावा आहे, तेच ती मोजते काय? वाण्याच्या काट्याला पासंग असला तर तो दर वेळी तेवढेच कमी तोलतो. तो काटा विश्वसनीय आहे, पण खरा नाही. तिसरा शब्द प्रमाणके. एखाद्या मुलाला 24 गुण मिळाले, एवढ्यावरून काहीच कळत नाही. हीच चाचणी आधी ज्या गटाला दिली होती त्या गटाच्या गुणांशी ताडून पाहिल्यावरच 24 ला अर्थ येतो. बहुतेक चाचण्यांत त्या गटाची सरासरी 100 धरतात, आणि शंभरांतली सुमारे 68 माणसे 85 ते 115 यांच्या दरम्यान येतात. म्हणजे बुद्धिगुणांक हा उंची-वजनासारखा माणसाच्या अंगी असलेला आकडा नव्हे. तो तुलनेचा आकडा आहे. आणि तुलना म्हटली की विचारलेच पाहिजे, ही तुलना कोणाशी?

हा प्रश्न विचारला नाही तर काय होते, ते या शास्त्राच्या इतिहासातच नोंदलेले आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी 1905 साली पहिली बुद्धिचाचणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले हुडकून त्यांना मदत द्यावी, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मभर न बदलणारी गोष्ट आहे हे मत बिनेला मान्य नव्हते. पण चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा हेतूच पालटला. लुईस टर्मन यांनी 1916 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तिची सुधारित आवृत्ती काढली. मेक्सिकन, आदिवासी आणि काळ्या मुलांत आढळणारी कमी बुद्धी वांशिक असावी, त्यांना वेगळ्या वर्गात बसवावे, असे त्यांनी त्याच वर्षी लिहून ठेवले. पहिल्या महायुद्धात तिथे सुमारे साडेसतरा लाख सैनिकांच्या चाचण्या झाल्या. निरक्षरांसाठी चित्रांची चाचणी होती. चित्रात काय राहिले आहे ते ओळखायचे होते, आणि एका चित्रात टेनिसच्या मैदानावर जाळे नव्हते. ज्याने टेनिस कधी पाहिलेच नाही तो मंद ठरला! या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी 1923 साली वंशांची उतरंड मांडणारे पुस्तक लिहिले. 1930 साली त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष निराधार असल्याची कबुली दिली. दरम्यान 1924 साली परदेशी लोकांना अटकाव करणारा कायदा तिथे होऊन गेला होता.

वंशांची उतरंड आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तिला पूर्वकर्माचा आधार होता, तिकडे तिला शास्त्राचा आधार देण्यात आला. जातिभेद हा रक्तशुद्धीसाठी, सुप्रजननासाठी आहे, या युक्तिवादाचा समाचार बाबासाहेबांनी 1936 सालच्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणातच घेतला होता.

पण या शास्त्राने स्वतःच्या चुका स्वतःच्या साधनांनी उघड्या केल्या, हेही सांगितले पाहिजे. कोलंबिया विद्यापीठातील ओटो क्लाइनबर्ग यांनी दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेल्या काळ्या मुलांचा अभ्यास केला. 1935 साली त्यांनी दाखवून दिले की न्यूयॉर्कमध्ये जितकी अधिक वर्षे काढली, तितके मुलांचे गुण अधिक. वंश तोच, शाळा बदलली, गुण बदलले. पुढे 1979 साली ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या खटल्यात कॅलिफोर्नियातील न्यायालयाने काळ्या मुलांना मतिमंदांच्या वर्गात घालण्यासाठी अशा चाचण्या वापरण्यास मनाई केली.

आपल्या देशात व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला बिनेची चाचणी मराठी व कन्नड मुलांसाठी बेतली. त्यांचे पुस्तक 1940 साली निघाले. निरक्षरांनाही देता यावी अशी पाच कृतिचाचण्यांची मालिका सी. एम. भाटिया यांनी 1955 साली प्रसिद्ध केली. हे काम मोलाचे होते. पण प्रश्नांचे भाषांतर केले म्हणजे प्रश्न मुलाच्या घरात पोहोचतोच असे नाही. शिवाय प्रमाणके जुनी होतात. अर्धशतकापूर्वीच्या मुलांच्या प्रमाणकांवर आजचे मूल तोलणे हे शास्त्रालाच मान्य नाही.

या साऱ्यात मला सर्वांत अधिक हलवून गेले ते कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांचे संशोधन. ते 2006 साली प्रसिद्ध झाले. उत्तर प्रदेशातील खेड्यांत त्यांनी सवर्ण व दलित मुलग्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग मिश्र गटात प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव आणि जात मोठ्याने वाचण्यात आली. दलित मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुले तीच, कोडी तीच. मधे फक्त जात उच्चारली गेली. हे वाचताना मला आमचा वर्ग आठवला. ‘शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा’ असे सांगून यादी वाचली जायची आणि पुढच्याच तासाला गणिताची चाचणी असायची.

वर्ष संपता संपता या अभ्यासाची परीक्षा वस्तीतच झाली. आमच्या शेजारच्या पारधी कुटुंबातील मुलाला शाळेने तपासणीसाठी पाठवले होते. अहवालात बुद्धिगुणांक 68 आला होता. 70 च्या खाली म्हणून त्याला विशेष शाळेत घाला, असे त्याच्या आईला सांगण्यात आले. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. मी विद्यार्थिनी होते. चाचणी घेण्याचा किंवा निदान करण्याचा मला अधिकार नव्हता, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितले. पण अहवाल वाचता येत होता. चाचणी प्रमाण मराठीतून घेतली होती; मुलाच्या घरात पारधी बोली. शिवाय प्रत्येक आकड्याला मापनाची प्रमाणत्रुटी असते. विश्वसनीयता 0.90 इतकी चांगली असली तरी ती सुमारे 5 गुणांची येते. म्हणजे 68 चा प्रामाणिक अर्थ साधारण 59 ते 77 यांच्या दरम्यान कोठेतरी, असा होतो. अहवालात यातले काहीच नव्हते.

प्राध्यापकांच्या सल्ल्याने आम्ही एक अर्ज लिहिला. त्यात चारच प्रश्न होते. चाचणी कोणत्या भाषेत घेतली? प्रमाणके कोणत्या गटावर आणि कोणत्या साली तयार केली? प्रमाणत्रुटी किती? मुलाचे घरचे व वस्तीतले वागणे कोणी पाहिले काय? फेरतपासणी झाली. या वेळी अशाब्दिक चाचणी वापरली गेली आणि सूचना समजावायला मुलाची मावशी बसली. गुण सीमारेषेच्या बरेच वर आले. मुलगा आपल्याच शाळेत राहिला. वाचनात तो अजून मागे आहे आणि त्याला मदत लागते. परंतु ‘मदत लागते’ आणि ‘डोके नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत.

म्हणून चाचण्या जाळून टाका असे मी म्हणणार नाही. काही मुलांना खरोखर अडचण असते. तिची नोंद झाली नाही तर सवलत आणि उपचार मिळत नाहीत, आणि त्यात अधिक नुकसान आपल्याच मुलांचे होते. माझे म्हणणे एवढेच, की या विद्येकडे पाठ फिरवू नका. ‘गुणवत्ता’ हा शब्द उच्चारून आपल्याला गप्प बसवले जाते तेव्हा तिथेही हेच प्रश्न विचारायचे आहेत. काय मोजले? कशाने मोजले? कोणाशी ताडले? आपल्यातल्या अधिक मुलामुलींनी हा पेपर घ्यावा, पुढे चाचण्या रचणाऱ्यांच्या जागी बसावे. पाकिटाच्या प्रश्नाची उत्तरपत्रिका तयार करताना आमच्या वस्तीतले कोणीतरी त्या टेबलाशी असते, तर माझ्या आईच्या शहाणपणाला शून्य मिळाले नसते.