आखूड नाकाची किंमत

पग झोपेत घोरतो, चार पावलं धावला की घरघरतो. घरातल्यांना त्याचं कौतुक वाटतं. पण ती घरघर म्हणजे छातीत पुरेशी हवा पोचत नसल्याची खूण आहे.

माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करत पग, बुलडॉग, शिह त्झू यांचं मुस्कट आखूड केलं. हाडं आखडली, आतलं मांस मात्र त्या प्रमाणात घटलं नाही. मऊ टाळू श्वासाच्या वाटेत लोंबतो. नाकपुडी गोल न राहता स्वल्पविरामासारखी बारीक फट होते आणि श्वास घेताना तीही आत ओढली जाते. काही पग बसूनच झोपतात, कारण आडवं झालं की वाट बंद होते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या 2022च्या अभ्यासात हा श्वसनविकार पगमध्ये आढळण्याची शक्यता इतर कुत्र्यांच्या सुमारे 54 पट निघाली.

सुरतेसारख्या उष्ण शहरात हे दुखणं जिवावर बेतू शकतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकताना जीभ आणि नाकातला ओलावा उडतो, त्यानेच अंग निवतं. तापीकाठच्या या शहराला समुद्र जवळ. उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो आणि पावसाच्या तोंडावर हवा इतकी दमट होते की ओलावा उडतच नाही. गावठी कुत्रा लांब नाकाच्या जोरावर निभावून नेतो. पगचा घसा मात्र धापांनी सुजतो, वाट आणखी अरुंद होते आणि श्वासाच्या धडपडीनेच अंग अधिक तापतं. अंगाचं तापमान 41 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की उष्माघात. अशा वेळी आधी अंगावर साधं पाणी ओतून पंखा लावावा, मग दवाखाना गाठावा.

कुत्रा सुरतेतल्या उधन्याच्या दोन खोल्यांत असो की वेसूच्या एसी फ्लॅटमध्ये, त्याला उन्हं चढण्याआधीच फिरवावं, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधावा, वजन वाढू देऊ नये. नाकपुड्या रुंद करण्याची आणि टाळू कापण्याची शस्त्रक्रिया होते. ती वेळेत झाली तर आराम पडतो.

पण मूळ दुखणं पैदाशीत आहे. 2003च्या ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग देशाने पाहिला आणि ‘हच डॉग’ची मागणी वाढली. सतराव्या शतकात सुरतेत वखार थाटणाऱ्या डचांच्या ऑरेंज राजघराण्याचाही पग लाडका होता. त्याच नेदरलँड्समध्ये 2019पासून मुस्कट कवटीच्या लांबीशी ताडून पाहतात. फार आखूड असेल तर त्या कुत्र्यापासून पैदास घेता येत नाही. आपल्याकडे 2017च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लांच्या आईबापांची श्वासतपासणीही त्यात सक्तीची व्हायला हवी.

केंब्रिज विद्यापीठाच्या तपासणीत कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवून मग स्टेथोस्कोपने त्याचा श्वास ऐकतात. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा सकाळच्या गारव्यात त्याच्या आईबापांना पशुवैद्यकाकडून असंच तपासून घ्या. घरघर ऐकू आली, तर पिल्लू कितीही गोड असो, सौदा मोडा. आपण पैसे मोजतो म्हणूनच तशी पुढची वीण जन्माला घातली जाते.