ब्रुकलिनचा डॉजर्स संघ

एखादी संस्था कोणाची, या प्रश्नास दोन उत्तरें संभवतात. कागदोपत्रीं जो तिचा धनी असेल त्याची, हें एक. आणि ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर माया केली त्यांची, हें दुसरें. एरव्हीं हीं दोन उत्तरें सुखानें शेजारीं नांदतात. परंतु न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील डॉजर्स या बेसबॉल-संघाच्या इतिहासांत तीं एके दिवशीं समोरासमोर उभीं ठाकलीं. तो इतिहास म्हणूनच समजून घेण्याजोगा आहे.

बेसबॉल हा क्रिकेटच्याच गोत्रांतला खेळ. दोन्ही पक्षांत नऊ-नऊ खेळाडू असतात. गोलंदाज चेंडूचा टप्पा न पाडतां तो फेकतो. फलंदाज तो गोल दांडक्यानें टोलवितो, आणि चौकोनाच्या कोपऱ्यांवरील ठाणीं क्रमानें गांठून मूळ ठाण्यावर परतला म्हणजे एक धांव होते. तीन गडी बाद झाले कीं डाव संपला. असे प्रत्येक पक्षास नऊ डाव मिळतात. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकांतच या खेळाचा धंदा झाला. संघ ही मालकाची खासगी मिळकत आणि खेळाडू त्याचे पगारी नोकर. १९७५ पर्यंत तर खेळाडूस आपल्या मर्जीनें संघ बदलण्याची मुभा नव्हती. मालकास मात्र त्याला दुसऱ्या संघाच्या हवालीं करतां येत असे.

ब्रुकलिन हें पूर्वीं स्वतंत्र शहर होतें. १८८३ सालीं ईस्ट नदीवर प्रचंड पूल होऊन तें मॅनहॅटनशीं जोडलें गेलें. त्याच सालीं हा संघ निघाला. १८९० मध्यें तो नॅशनल लीग या प्रमुख संघटनेंत दाखल झाला. पुढें १८९८ मध्यें ब्रुकलिन न्यूयॉर्क महानगरांत विलीन झालें. स्वतंत्र महापौर गेला, स्वतंत्र कारभार गेला. शहराचें नांव मिरविणारा संघ तेवढा उरला. या संघाचें स्वतःचें नांव मात्र बराच काळ स्थिर नव्हतें. कांहीं खेळाडूंचीं लग्नें एकाच सुमारास झालीं, तेव्हां लोक संघास ‘नवरदेव’ म्हणूं लागले. मग विजेच्या ट्रामगाड्या आल्या. रस्ता ओलांडतांना त्यांस हुलकावणी देऊन जीव वांचविणें हा ब्रुकलिनकरांचा नित्याचा उद्योग झाला, आणि ‘ट्राम चुकविणारे’ या अर्थानें डॉजर्स हें नांव पडलें.

चार्लस एबेट्स हे या संघांत तिकिटें विकण्यापासून चढत चढत मालकीपर्यंत पोंचलेले गृहस्थ. त्यांनीं फ्लॅटबुश भागाकडे तुकड्यातुकड्यांनीं जमीन खरीदली आणि १९१३ सालीं तेथें एबेट्स फील्ड हें क्रीडांगण उघडलें. तें लहानच होतें. तीस-बत्तीस हजार माणसांनीं भरून जाई. पण त्यामुळेंच प्रेक्षकांचें बोलणें मैदानांत ऐकूं जाई. हिल्डा चेस्टर नांवाची बाई गाईच्या गळ्यांतली घंटा वाजवून संघास चेव आणी. हौशी वादकांचा एक ताफा बेसूर वाद्यें वाजवीत बाकांमधून हिंडे. भिंतीवर एब स्टार्क या कपडेवाल्याची पाटी होती. तिच्यावर चेंडू आदळणाऱ्या फलंदाजास एक सूट बक्षीस मिळावयाचा. आयर्लंड, इटली आणि पूर्व युरोप येथून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती. घरोघरची भाषा निराळी, उपासना निराळी; संघ मात्र सर्वांचा एकच.

आणि हा संघ ऐन वेळीं हरत असे. दोन प्रमुख संघटनांच्या विजेत्यांमध्यें दरवर्षीं जी अंतिम झुंज होते, तिला वर्ल्ड सीरीज म्हणतात. १९१६, १९२० आणि १९४१ या तिन्ही सालीं डॉजर्स तेथवर जाऊन पराभूत झाले. लोक त्यांस लाडानें ‘आपले भणंग’ म्हणत, आणि ‘पुढच्या वर्षीं पाहा’ असें म्हणून एकमेकांचें समाधान करीत.

या जिव्हाळ्यास रेडिओनें बळ दिलें. खेळ घरबसल्या ऐकावयास मिळाला तर तिकीट कोण काढील, या भीतीनें न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनीं ध्वनिक्षेपण बंद ठेवण्याचा करार केला होता. १९३९ सालीं ब्रुकलिननें तो मोडला आणि रेड बार्बर या समालोचकाचा आवाज घरोघर पोंचला. भीति खोटी ठरली. त्या वर्षीं प्रेक्षक घटण्याऐवजीं वाढले.

डॉजर्सचें नांव खेळाबाहेरच्या इतिहासांत गेलें, तें मात्र निराळ्या कारणानें. १८८४ नंतर प्रमुख संघांत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूस जागा मिळाली नव्हती. तसा लेखी नियम नव्हता; मालकांचा अलिखित संकेत होता, आणि असले संकेत नियमांहून चिवट असतात. संघाचे सूत्रधार ब्रँच रिकी यांनीं तो मोडण्याचें ठरविलें. उत्तम खेळाडू आणि नवे प्रेक्षक मिळविण्याचा हिशेबही त्यांत होता. पण तेवढ्यानें त्या कृतीची योग्यता उणी होत नाहीं. ऑगस्ट १९४५ मध्यें त्यांनीं जॅकी रॉबिन्सन यास बोलावून, अपमान सोसूनही हात न उचलण्याचें धैर्य आहे काय, असें विचारलें. एक वर्ष मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघांत काढून १५ एप्रिल १९४७ रोजीं रॉबिन्सन एबेट्स फील्डवर उतरला. स्वतःच्या संघांतील कांहींनीं विरोध केला. फिलाडेल्फियाच्या गोटांतून गलिच्छ शिव्या आल्या. कांहीं गांवीं सोबत्यांच्या हॉटेलांत त्यास उतरतां येईना. त्या वर्षीं तो नवोदितांत सर्वोत्तम ठरला आणि १९४९ मध्यें साऱ्या लीगमध्यें. अमेरिकी सैन्यांतील वर्णभेदाविरुद्धचा हुकूम १९४८ चा आणि शाळांविषयींचा न्यायनिवाडा १९५४ चा. बेसबॉलचें मैदान या दोहोंच्या आधीं जागें झालें.

पुढें १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३ अशा चार वेळां यांकी या न्यूयॉर्कच्याच श्रीमंत संघानें डॉजर्सना हरविलें. अखेर ४ ऑक्टोबर १९५५ रोजीं, सातव्या आणि निर्णायक सामन्यांत, जॉनी पॉड्रेस या तेवीस वर्षांच्या गोलंदाजानें यांकींस एकही धांव काढूं दिली नाहीं. दोन धांवांनीं ब्रुकलिन जिंकलें. तें ‘पुढचें वर्ष’ एकदांचें उगवलें.

त्यानंतर दोनच वर्षांनीं संघ निघून गेला. वॉल्टर ओमॅली हे १९५० पासून प्रमुख मालक होते. क्रीडांगण जुनें झालें होतें, मोटारींस जागा नव्हती, जुनी वस्ती उपनगरांकडे पांगत होती. ब्रुकलिनमध्येंच रेल्वेस्थानकापाशीं नवें क्रीडांगण बांधण्याचा ओमॅलींचा मनोदय होता. जमीन मात्र सरकारनें आपल्या अधिकारानें मिळवून द्यावी असें त्यांचें म्हणणें. नगररचनेवर हुकमत असलेल्या रॉबर्ट मोझेस यांनीं तें नाकारून क्वीन्स भागांतील जागा पुढें केली. दोष कोणाकडे अधिक, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. २४ सप्टेंबर १९५७ च्या अखेरच्या सामन्यास ६,७०२ प्रेक्षक होते. ८ ऑक्टोबरला संघ लॉस एंजेलिसला जाणार असें जाहीर झालें, आणि १९६० मध्यें एबेट्स फील्ड पाडून तेथें राहण्याच्या इमारती उठल्या.

लॉस एंजेलिसची बाजूही निर्मळ नव्हती. ज्या चावेझ रॅव्हीन टेंकड्यांवर १९६२ सालीं नवें क्रीडांगण उघडलें, तेथें पूर्वीं मेक्सिकन वंशाचीं कुटुंबें राहत असत. सार्वजनिक घरांच्या योजनेसाठीं म्हणून त्यांना उठविण्यांत आलें; ती योजना पुढें बारगळली. उरलेल्या थोड्यांस मे १९५९ मध्यें बळानें बाहेर काढलें. एका शहराचा संघ गेला, दुसऱ्या शहरांतील गरिबांचीं घरें गेलीं. तरीही १९८१ सालीं फर्नांडो व्हॅलेन्झुएला या मेक्सिकन गोलंदाजाच्या पराक्रमानें त्याच समाजाचे लोक या क्रीडांगणाकडे लोटले. माया लावणाऱ्यांचा स्वभावच असा, कीं ते जुना हिशेब फार काळ राखीत नाहींत.

आज डॉजर्स हा वैभवशाली संघ आहे. २०२४ आणि २०२५ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यानें वर्ल्ड सीरीज जिंकली. कायद्याच्या दृष्टीनें ओमॅलींची मालकी निर्विवाद होती, आणि जें त्यांचें होतें तें त्यांनीं नेलें. पण ब्रुकलिननें या संघास जें दिलें, त्याचें खरेदीखत कोणाच्याच नांवें होऊं शकत नाहीं. रॉबिन्सनचा ४२ हा क्रमांक १९९७ सालीं सर्व प्रमुख संघांनीं मिळून राखून ठेवला. आतां दरवर्षीं १५ एप्रिलला मात्र प्रत्येक संघाचा प्रत्येक खेळाडू तोच क्रमांक अंगावर घालून खेळतो. धनी आपली संस्था उचलून नेऊं शकतो. तिच्यावर माया करणाऱ्यांचा शब्द तिच्या कारभारांत कोठें तरी असावा, हा विचार ज्या गांवास वेळीं सुचत नाहीं, त्याच्या हातीं पुढें आठवण तेवढी उरते.