थैलीभर युरिया, किलोभर रुई

कापसाचा कार्बन मोजणारा माणूस शेतात फारसे काही मोजत नाही. तो विचारतो. राळेगाव तालुक्यात दुसऱ्या वेचणीच्या दिवसांत मी ज्या सर्वेक्षकाबरोबर फिरलो, त्याच्याकडे ना यंत्र होते ना नळी. एक मोबाइल, त्यात एक अ‍ॅप आणि दारोदार फिरून आलेला चिवटपणा. धुऱ्यावर बसकण मारून त्याने शेतकऱ्याला विचारले, "काकाजी, यंदा युरिया किती टाकला?"

"मोजून थोडीच ठेवलं हाय भाऊ. एकरी दोन बॅगा धर. डीएपीची एक. मंग पानी आल्यावर आखीन टाकला थोडा."

'आखीन थोडा' हे उत्तर अ‍ॅप घेत नाही, त्याला किलो लागतात. मग उलटतपासणी सुरू झाली. तो थोडा कुणी टाकला, कोणत्या तासांना टाकला, थैलीत काही उरला का? काकाजींनी बायकोला हाक मारली, काकूंनी मुलाला फोन लावला आणि तिघांचे मिळून अर्धी थैली ठरली. युरियाची थैली 2018 पासून 45 किलोची झाली आहे. जुन्या माणसांच्या बोलण्यात ती अजून 50 चीच असते. सर्वेक्षकाने तेवढे दुरुस्त करून घेतले.

खताच्या दुकानातल्या पॉस यंत्रावर अंगठा लावल्याशिवाय अनुदानाचे खत मिळत नाही, म्हणजे नोंद असते. पण ती कुणी विकत घेतले याची; कोणत्या वावरात पडले याची नव्हे. पावती धाकट्या भावाच्या नावावर, वावर दोघांचे, आणि त्यातला काही युरिया गव्हासाठी राखलेला.

एवढा खल युरियावरच का, तर कोरडवाहू कपाशीच्या हिशेबात सगळ्यात जड पारडे त्याचेच. त्यात 46 टक्के नत्र असते. जमिनीतले जिवाणू त्यातला अगदी थोडा भाग नायट्रस ऑक्साइड करून हवेत सोडतात, आणि या वायूचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या 273 किलोंइतका धरला जातो. दोन बॅगा युरिया आणि एक डीएपी यांतून एकराला सुमारे 50 किलो नत्र पडते. त्यातले एक टक्का या वायूच्या रूपाने उडते असे मानायचे, हा जुना सर्वमान्य गुणक. त्याने एकरी कार्बन डायऑक्साइडच्या 216 किलोंइतके आले. युरियाचे विघटन होताना थेट निघणारा कार्बन डायऑक्साइड 66 किलो. नांगरट आणि रोटावेटरचे डिझेल 12 लिटर, म्हणजे आणखी 32 किलो. बेरीज साधारण 315. (सोयीसाठी मी ती अर्धी थैली सोडली आहे. खत कारखान्यातला धूरही यात नाही; तो वेगळ्या रकान्यात जातो.)

पण हा एक टक्काही आता एकच राहिलेला नाही. आंतरसरकारी हवामान बदल समितीने, म्हणजे आयपीसीसीने, 2019 मध्ये त्याची फोड केली. उष्ण कटिबंधात वर्षाला 1000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडत असेल तर रासायनिक खतासाठी 1.6 टक्के, कमी पडत असेल तर 0.5. नागपूर या रेघेच्या वर आहे, अकोला बरेच खाली. तोच युरिया, तीच काळी माती, पण नागपूरकडच्या शेतकऱ्याचा नायट्रस ऑक्साइड कागदावर अकोल्याच्या तिप्पट. जगाचा हिशेब करायचा तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. त्या रेघेजवळ ज्याचे वावर आहे त्याने काय समजायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.

प्रत्यक्ष वायू मोजणारेही असतात. एका प्रायोगिक प्लॉटवर ते काम बघायला मिळाले. जमिनीत रोवलेल्या चौकटीवर झाकणासारखी बंद पेटी ठेवतात. चौकटीच्या खाचेत पाणी भरतात, म्हणजे हवा आत-बाहेर होत नाही. मग ठरावीक मिनिटांनी इंजेक्शनच्या सुईने पेटीतली हवा खेचायची, कुपीत भरायची, कुपीवर वेळ लिहायची. कुप्या प्रयोगशाळेत जातात आणि तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ वायूचे प्रमाण सांगतो. युरिया पडला आणि त्यावर चांगला पाऊस झाला की पुढचे काही दिवस आकडा उसळतो, एरवी सपाट असतो. ती उसळी नेमकी पकडायची तर भर पावसात, चिखलात, पेटीपाशी उकिडवे बसावे लागते. हे काम मुलीच करत होत्या, आणि कुपीवरचा आकडा पुसला जाऊ नये म्हणून पदराखाली लिहीत होत्या. इतकी मेहनत प्रत्येक वावरात शक्य नाही, म्हणून गुणक.

सर्वेक्षकाची यादी अजून संपली नव्हती. कपाशीत सात-आठ तासांआड तुरीचे एक तास होते; खतातला तिचा वाटा किती? डवरणी बैलांनी झाली, म्हणजे डिझेल नाही. पण बैल रवंथ करताना मिथेन सोडतो, तो कापसाच्या नावावर टाकायचा का? अ‍ॅपने बैलाला हिशेबाबाहेर ठेवले होते, आणि मला ते बरे वाटले. गेल्या सालच्या पऱ्हाटीचे काय केले, यावर काकू म्हणाल्या, "अर्धी चुलीत गेली, अर्धी तिथंच पेटवली." चुलीतली घराच्या खात्यात, वावरातली शेताच्या. एकाच झाडाची राख, दोन खाती.

मग भागाकार, आणि खरी गफलत इथे आहे. हा हिशेब मागणाऱ्या कपड्यांच्या ब्रँडला एकराचा आकडा नको असतो, एक किलो रुईचा हवा असतो. एकरी 7 क्विंटल कापूस निघाला आणि उतारा 34 टक्के धरला, तर 238 किलो रुई होते. गुलाबी बोंडअळी पडली, बोंडे फुटताना पाऊस झाला आणि 3 क्विंटलच हाती आला, तर 102 किलो. खत तेच, डिझेल तेच. पण पहिल्या साली किलोमागे 1.3 आणि दुसऱ्या साली 3.1. ज्याचे पीक बुडाले त्याच्याच कपाळी 'जास्त प्रदूषण करणारा' असा शिक्का. ज्याच्याकडे विहीर आहे, जो चारदा खत देऊन भरघोस कापूस काढतो, त्याचा आकडा त्याच तालुक्यात देखणा दिसू शकतो.

हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये दुसरा प्रश्न उभा राहिला. डबल रोलर जिनवर रुई एका बाजूला पडते, सरकी दुसऱ्या. शंभर किलो कापसात रुई 34, सरकी सुमारे 65. शेतातला कार्बन दोघींत कसा वाटायचा? वजनाने वाटला तर रुईच्या वाट्याला तिसरा हिस्सा. भावाने वाटला, आणि रुईचा भाव सरकीच्या पाचपट धरला, तर 72 टक्के. म्हणजे त्याच चांगल्या सालचा आकडा एका पद्धतीने किलोला 0.45 आणि दुसरीने 0.95. दोन्ही पद्धती जगात रूढ आहेत. जिनवाल्या शेठना हे समजावल्यावर ते हसले, "सरकीचा भाव वाढला की रुई शुद्ध होते म्हणा की!" होते खरी, कागदावर.

जिनिंगचा स्वतःचा हिशेब त्यामानाने सरळ आहे: महिन्याचे वीजबिल भागिले 170 किलोच्या गाठी. सूतगिरणीतही तसेच. मध्यम नंबरच्या किलोभर सुताला साधारण तीन-चार युनिट वीज लागते आणि आपल्याकडची वीज बरीचशी कोळशाची, युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडची. म्हणजे सूत कातण्यातच दोन ते पावणेतीन किलो गेले. रंगाईची वाफ पुढेच आहे. लिव्हाइज कंपनीने 2015 मध्ये आपल्या 501 जीन्सचा जन्मापासून शेवटपर्यंतचा हिशेब प्रसिद्ध केला होता. एका पँटमागे 33.4 किलो. त्यात कापसाचा वाटा सुमारे 9 टक्के, आणि ग्राहकाच्या घरी धुण्या-वाळवण्याचा 37. तो ग्राहक यंत्रात कपडे वाळवणाराही आहे. आपली पँट दोरीवर वाळते, त्यामुळे आपल्याकडे ती टक्केवारी वेगळी निघेल.

तरीही प्रश्नावली घेऊन माणूस जातो तो धुऱ्यावरच. गिरणीत मीटर आहे, बिल आहे. तिथे आठवणीवर काही चालत नाही. शेतकऱ्याला मात्र अंदाजाने उत्तरे द्यावी लागतात आणि ती तीन दशांश स्थळांपर्यंत छापून येतात. निघताना काकाजींनी विचारले, "याचं आमाले काय भेटन?" सर्वेक्षक गप्प राहिला, कारण त्याच्या कामात शेतकऱ्याला परत काही देण्याचा रकानाच नव्हता.

तो असायला हवा. ज्या ब्रँडला हा आकडा हवा आहे, त्याने किलोबरोबर एकराचाही आकडा छापावा, एका सालाऐवजी तीन-चार सालांची सरासरी घ्यावी आणि रुई-सरकीची वाटणी कशी केली ते त्याच कागदावर लिहावे. आणि त्या कागदाची एक मराठी प्रत शेतकऱ्याच्या हातात द्यावी, त्यात हेही लिहून: पाऊस तोंडावर असताना टाकलेल्या युरियातले किती पिकाला लागले नाही, किती वाहून गेले. युरियाची थैली दोनशे साडेसहासष्ट रुपयांना पडते. त्यातली अर्धी वाचली, तर हवेचा फायदा कार्बनच्या हिशेबात धरा. काकाजींचे सव्वाशेहून जास्त रुपये तर रोख वाचतात.