कोरणीचं काम आणि ठशाचं काम

बनावट नाणं ओळखणं तसं अवघड नाही. वजन चुकतं, कडेला साच्याची शीव दिसते, पृष्ठभागावर ओतकामाचे बारीक फोड असतात. खरी पंचाईत होते ती अस्सल नाण्याची. धातू जुना, वजन चोख, फक्त झिजून गेलेला मजकूर कोणीतरी कोरणीनं पुन्हा उकरून काढलेला. युरोपात रोमन सम्राटांच्या तांब्या-पितळेच्या मोठ्या नाण्यांवर हा उद्योग फार जुना आहे. केसांच्या बटा नव्यानं कोरायच्या, चेहऱ्यामागची जागा घासून गुळगुळीत करायची आणि दाम वाढवून घ्यायचे. आपल्याकडे हीच कारागिरी शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याच्या, वाट्याला येते. शिवराया एकोणिसाव्या शतकापर्यंत निरनिराळ्या टांकसाळींत पडत राहिल्या, त्यामुळे झिजलेल्या, ओबडधोबड शिवराया ढिगानं मिळतात. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ स्वच्छ वाचता येईल अशी शिवराई मात्र मोजकीच. मोह होतो तो इथेच.

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावात राहून नाणी जमवण्याचा एक मोठा फायदा आहे. ही रजतनगरी. चांदीच्या शुद्धतेसाठी इथला बाजार नावाजलेला आणि धातूवर हातोडी व कोरणी चालवण्यात हयात गेलेली माणसं इथे गल्लीत भेटतात. त्यांना नाणेशास्त्र ठाऊक नसतं, पण कोणत्या हत्यारानं धातूचं काय होतं हे त्यांची बोटं सांगतात. अशाच एका वयस्कर कारागिराच्या पाटासमोर मी एक शिवराई ठेवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात आडवी धरली, भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, “भाऊ, हे ठोकेल नाही, कोरेल आहे.”

दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून मग मीही पाहिलं. नाणं पाडताना धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर घाव घालतात. दाबाखाली धातू ठशाच्या खोबणीत शिरतो आणि अक्षर वर येतं. त्याच्या बाजू थोड्या उतरत्या असतात आणि चांगल्या राखलेल्या नाण्यावर कडेकडे पसरत गेलेल्या बारीक रेषाही दिसतात. कोरणीला हे जमत नाही. ती धातू घालू शकत नाही, फक्त काढू शकते. अक्षर उठून दिसावं म्हणून तिला आजूबाजूची जमीनच खाली न्यावी लागते. त्या शिवराईवरचा ‘रा’ असा चराच्या मधोमध बसला होता, चराच्या तळाशी कोरणी थांबत थांबत पुढे सरकल्याचे टप्पे होते. अक्षराचा माथा मात्र सपाट, झिजलेला. माथा झिजलेला आणि पायथ्याशी असा धारदार चर, हे नुसत्या वापरानं होत नाही. झीज नेहमी सर्वांत उंच जागेपासून सुरू होते. रोमन नाण्यावर गाल आणि कानावरचे केस आधी जातात. ते केस करकरीत असतील आणि कडेची अक्षरं पुसट, तर शंका घ्यावी.

रंग सर्वांत शेवटी पाहावा, कारण फसवायला तोच सोपा. मातीत मुरलेल्या तांब्यावर खाली लालसर आणि वर हिरवा असे थर चढतात, ते धातूला चिकटून असतात. कोरलेला चर लपवायला लावलेला हिरवा रंग सगळीकडे सारखा दिसतो आणि असिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाला बहुधा डाग देतो. जुनं नाणं कसाच्या दगडावर कधीही घासू नये किंवा तेजाबात घालू नये, सराफाची ती रीत इथे चालत नाही.

नाण्यात केलेला प्रत्येक बदल मात्र लबाडी नसतो, आणि नवख्या संग्राहकाची गल्लत इथे होते. नाशिकजवळ जोगळटेंभी इथे 1906 मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या सुमारे दोन तृतीयांशांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. पराभूत राजाच्या चेहऱ्यावरच नवं चिन्ह. अशा नाण्यात धातू कुठेच कमी झालेला नसतो, तो फक्त दबलेला, सरकलेला असतो. नव्या चिन्हाच्या फटीतून नहपानाचं नाक किंवा कान डोकावतो. भिंगाखाली मला सर्वांत आनंद देणारी नाणी हीच. एका सत्तांतराची घटना तिथे धातूवर उमटलेली दिसते.

कोरलेल्या नाण्याचा मला राग येतो त्याचं कारण आमच्या शेजारच्याच वाशीम जिल्ह्यात आहे. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांची पोटीन या मिश्रधातूची दीड हजाराहून अधिक नाणी मिळाली. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला. या नाण्यांवर लेख पुरता उमटत नाही. एका नाण्यावर तीन अक्षरं, दुसऱ्यावर पुढची दोन, अशी जुळवाजुळव करावी लागते. त्या अर्धवट अक्षरांतून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली नावं हाती आली. कोणा हौशी कारागिरानं ती अक्षरं ओळखीच्या राजाच्या नावानं ‘दुरुस्त’ केली असती, तर हे राजे कायमचे पुसले गेले असते.

त्यामुळे नांगरताना किंवा पाया खणताना नाणी मिळाली, तर ती चिंचेच्या पाण्यात टाकू नयेत, राखेनं घासू नयेत, उजळायला तर देऊच नयेत. मातीसकट कागदात गुंडाळून ठेवावीत. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार अशा सापडीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आणि विकत घेताना दुकानदारानं नाणं सरळ डोक्यावरच्या दिव्याखाली दाखवलं, तर ते उचलून खिडकीपाशी न्यावं. तिरप्या उजेडात कोरणीचा चर लगेच सावली धरतो.