रोहित आणि उजनीचं पाणी

बारामतीकडून आलेली गाडी कुंभारगावच्या काठावर थांबते आणि होडीत पाय ठेवायच्या आधीच कुणीतरी सांगून टाकतं, 'हे सायबेरियातून येतात.' कुणी आफ्रिकेचं नाव घेतं. पण उजनी धरणाच्या फुगवट्यावर प्रामुख्याने दिसतो तो थोरला रोहित, म्हणजे अग्निपंख, आणि भारतातली त्याची मोठी वीण कच्छच्या रणात होते. आफ्रिकेशी घट्ट नातं आहे ते धाकट्या रोहिताचं. जगातले बहुतेक धाकटे रोहित पूर्व आफ्रिकेत राहतात आणि टांझानियाच्या नेट्रॉन सरोवरात अंडी घालतात.

'धरण भरलं की पक्षी भरपूर' हा सर्वांत मोठा गैरसमज. रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो. जीभ पंपासारखी मागेपुढे होते, चोचीच्या कडांवरच्या बारीक झालरीतून पाणी बाहेर जातं आणि आत उरतात अळ्या, कोळंबीच्या जातीचे इवलाले जीव, शेवाळ. मच्छीमाराच्या जाळ्यातल्या चिलापीशी त्याला काही देणंघेणं नाही. हे चरणं चालतं उथळ पाण्यात, तळाच्या गाळाशी. 1980 साली पूर्ण झालेलं उजनी धरण तुडुंब असतं तेव्हा तो गाळ खोल बुडालेला असतो. पाणी उतरून गाळपेरीच्या जमिनी उघड्या पडू लागल्या की थवे उतरतात. म्हणून चांगल्या पावसाच्या वर्षी ते उशिरा दिसले, तर पक्षी संपले असं समजू नये.

थव्यातले करडे, मळकट पक्षी आजारी नसतात. ती लहान वयाची पिल्लं. गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांतून येतो आणि अंगावर चढायला दोन-तीन वर्षं लागतात. आणि पायात उलटा वाकतो तो सांधा गुडघा नव्हे, घोटा आहे.

थोरला रोहित जागतिक यादीत धोक्यात नाही, हे खरं. पण जोडी एका विणीत एकच अंडं घालते, आणि पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनीत येतं. त्यात उडत्या थव्याच्या फोटोसाठी होडी अंगावर नेली जाते. तो थवा नाचत नसतो, घाबरून पळत असतो. चरून मिळवलेलं बळ त्या पळण्यात जातं. महाराष्ट्रातल्या नांदूर मधमेश्वर, लोणार, ठाणे खाडी या रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, उजनी नाही. इथे राखण माणसांनीच करायची आहे. होडीवाल्या दादांना 'अजून जवळ घ्या' म्हणू नका. लांबूनच इंजिन बंद करायला सांगा.