पातळ फोन की पुरणारा फोन?

फोनच्या दुकानात गेलात की दुकानदार नवा फोन हातावर ठेवतो. म्हणतो, "बघा कसा पातळ आहे! किती हलका!" फोन दिसतोही छान. पण पैसे मोजण्याआधी त्याला एक विचारा, "हा दिवसभर पुरेल का?"

फोन बॅटरीवर चालतो. बॅटरी म्हणजे विजेची घागर. घागर लहान असली की पाणी लवकर संपते. फोनच्या आत बरीचशी जागा बॅटरीच अडवते. म्हणून फोन पातळ करायचा, तर बहुधा बॅटरी लहान करावी लागते.

बॅटरीत वीज किती मावते, ते एका आकड्यावरून कळते. त्या आकड्यापुढे 'एमएएच' ही इंग्रजी अक्षरे असतात. आकडा मोठा, तर घागर मोठी.

आता एक उदाहरण पाहू. सॅमसंग कंपनीने २०२५ साली दोन फोन काढले. दोघांचा पडदा ६.७ इंचांचाच. 'एस २५ प्लस' ७.३ मिलिमीटर जाड आहे. त्याची बॅटरी ४९०० एमएएच आहे. 'एस २५ एज' ५.८ मिलिमीटर जाड आहे. त्याची बॅटरी ३९०० एमएएच आहे. जाडीत फरक किती? दीड मिलिमीटर. म्हणजे वहीची पंधरा-वीस पाने! तेवढ्यासाठी पाच घागरींतली एक घागर गेली. मागचे कॅमेरेही तिनाचे दोन झाले.

ॲपलचा 'आयफोन एअर' त्याच वर्षीचा. तो ५.६ मिलिमीटर जाड आहे. त्याला मागे कॅमेरा एकच. सिमकार्ड घालायला खाच नाही. जुन्या फोनमधले कार्ड काढून त्यात घालता येत नाही.

उलट, २०२० साली आलेल्या सॅमसंगच्या 'एम ५१' फोनची बॅटरी ७००० एमएएच होती. पण तो साडेनऊ मिलिमीटर जाड आणि २१३ ग्रॅम वजनाचा. खिशाला जडच की!

मग घ्यावा कोणता? ज्याच्या हाताशी दिवसभर वीज आहे, त्याला पातळ फोन चालेल. पण आपले तसे आहे का? रात्री पाणी द्यायला शिवारात जावे लागते. अंधारात फोनचाच उजेड. टॉवर लांब असला की फोन वीज जास्त खातो. अशा वेळी कुणाला साप चावला, तर १०८ नंबरला फोन लावावा लागतो. तेव्हाच फोन बंद पडला, तर त्याचा पातळपणा काय कामाचा?

मात्र जाड फोन म्हणजे मोठी बॅटरी, असेही समजू नका. अलीकडे काही कंपन्या बॅटरीत सिलिकॉन वापरतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त वीज मावते. म्हणून नुसती जाडी बघून भुलू नका. आकडा विचारा, दोन फोनांचे आकडे ताडून पाहा, आपले काम आठवा आणि मगच पैसे द्या.