एक्सप्लेनर : संपूर्ण वर्गाला एकत्र शिकवण्याची पद्धत रुजवणारे ला साल कोण होते?

एक शिक्षक सगळ्या वर्गाला एकच धडा शिकवतो, यात आज कोणालाच नवल वाटत नाही. १७व्या शतकातील फ्रान्समध्ये मात्र शिक्षक एकेका मुलाला जवळ बोलावून वाचून घेत आणि बाकीची मुले तोवर रिकामी बसत. वाचनाची सुरुवातही सहसा लॅटिनपासून होई. हे चित्र बदलण्यात ज्याँ-बाप्तिस्त द ला साल यांचा मोठा वाटा होता.

शाळेकडे कसे वळले?
३० एप्रिल १६५१ रोजी रँस शहरातील सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लहान वयातच त्यांना तेथील कॅथेड्रलमध्ये मानाचे आणि चांगल्या उत्पन्नाचे पद मिळाले. १६७९ मध्ये आद्रियाँ न्येल गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढायला रँसमध्ये आले. ला साल यांनी त्यांना मदत केली आणि पुढे शिक्षकांना स्वतःच्या घरीच राहायला आणले.

संपत्ती का सोडली?
शिक्षकांना उद्याची चिंता होती. ‘देवावर भरवसा ठेवा’, असे ला साल सांगत. तुमचे पोट भरलेले आहे, म्हणून हे बोलणे सोपे, असे शिक्षकांनी त्यांना सुनावले. ते त्यांना पटले. १६८३ मध्ये त्यांनी पद सोडले आणि पुढच्या दुष्काळात आपली संपत्ती गरिबांच्या अन्नासाठी खर्च केली. १६८४ मध्ये शिक्षकांची संघटना उभी राहिली. शिक्षकांच्या प्रशिक्षणावरही त्यांनी भर दिला.

नवे काय होते?
- मुलांचे पातळीनुसार गट आणि प्रत्येक गटाला एकच पुस्तक.
- वाचन आधी फ्रेंचमधून, लॅटिन नंतर. गरीब मुले लवकर कामाला लागत. शाळा सुटण्याआधी त्यांना समजणाऱ्या भाषेत वाचता यावे, हा त्यामागचा विचार.
- शिक्षण सर्वांना मोफत.

विरोध कोणाचा?
पॅरिसमध्ये फी घेऊन लेखन शिकवणाऱ्यांचा संघ होता. मोफत शाळांमुळे धंदा बुडतो, अशी तक्रार घेऊन ते न्यायालयात गेले. १७०४ मध्ये ला साल यांच्याविरुद्ध निकालही लागले.

मर्यादा कोणत्या?
एकत्र शिकवण्याचे प्रयोग त्यांच्याआधीही झाले होते. त्यांच्या शाळांत शारीरिक शिक्षा पूर्णपणे बंद नव्हती, पण तिच्यावर नियमांचे बंधन होते.

७ एप्रिल १७१९ रोजी रूआँ येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी शाळा कशी चालवावी, हे सांगणारे त्यांचे पुस्तक छापून आले. कॅथलिक चर्चने १९०० मध्ये त्यांना संत आणि १९५० मध्ये शिक्षकांचे आश्रयदाते संत घोषित केले.